‘कॅश उडवून बघ’ नावाची अंधश्रद्धा

तुमच्या फोनवरचं एखादं ॲप अडकलं की तुम्ही काय करता? सेटिंग्जमध्ये जाता, ॲपचं नाव शोधता आणि ‘क्लिअर कॅश’वर बोट ठेवता. चाललं तर चाललं, नाहीतर ॲप काढून पुन्हा टाकता. ते कशामुळे अडकलं होतं हे तुम्हाला कळत नाही, आणि कळायची गरजही नसते. तुम्ही गिऱ्हाईक आहात. वडापाव खाणाऱ्याने बटाटा कुठल्या बाजारातून आला हे विचारलंच पाहिजे असं काही नाही.

पण वडे तळणाऱ्याने? त्याने तरी विचारायला नको?

मी तळणाऱ्यांपैकी आहे. गेली बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. माझी तक्रार माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल आहे, आणि त्यात मी स्वतः आलोच. आमच्याकडे काही बिघडलं, की एरर वाचायच्या आधीच एक मंत्र म्हटला जातो: ‘कॅश उडवून बघ.’ टीमच्या ग्रुपवर, टपरीवर चहा पिताना, क्लासमध्ये, सगळीकडे हाच. चॅटबॉटला विचारलंत तर तोही पहिल्या दोन-तीन उपायांत हेच सांगतो, कारण तो आमच्याकडूनच शिकलाय. पूर्वी मूल रडायला लागलं की आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची. मूल थोड्या वेळाने गप्प व्हायचं, आणि श्रेय मोहऱ्यांना जायचं. आम्ही इंजिनिअर झालो, लॅपटॉप घेतले, आणि ओवाळणं चालूच ठेवलं.

यावर ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं, चालतंय ना’ असं कुणी म्हणेल. चालत नाही, म्हणूनच हे लिहितोय.

*

हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाने कोड लिहिला असेल असं नाही, तेव्हा आधी थोडं वाणसामान.

हल्ली कुणीच सगळं ॲप स्वतः लिहीत नाही. पावती छापायला एकाची लायब्ररी, फोटो दाखवायला दुसऱ्याची, तारखा मोजायला तिसऱ्याची. आपण वीस नावांची यादी करतो. त्या वीसांना आपापल्या कामासाठी आणखी काही लागतं, त्यांना आणखी काही. वीसांच्या यादीचे शेवटी दोन-तीनशे जिन्नस होतात. हे सगळं आणायचं, नीट लावायचं आणि त्यातून ॲप तयार करायचं, हे काम बिल्ड टूल करतं. जावाच्या आणि अँड्रॉइडच्या जगात मेव्हन आणि ग्रेडल ही त्यातली दोन मोठी नावं.

मध्येच भांडण होतं. एका लायब्ररीला अमुक गोष्टीची १.२ आवृत्ती हवी असते, दुसरीला १.५. ॲपमध्ये एकच राहू शकते. कुठली ठेवायची हा निवाडा म्हणजे डिपेन्डन्सी रिझोल्यूशन. आणि आणलेला माल दर वेळी इंटरनेटवरून पुन्हा आणावा लागू नये म्हणून तो आपल्याच मशीनवर साठवून ठेवतात, ती कॅश. ही रोकड नव्हे, ही कणगी. धान्याची असते तशीच.

आता आमची कणगी आम्ही कशी पेटवली ते सांगतो.

*

२०२४ च्या शेवटाकडची गोष्ट. एका ग्राहकाचं जुनं अँड्रॉइड ॲप आम्ही सांभाळत होतो. छोटे दुकानदार ते वापरायचे. ब्लूटूथवरून हातातल्या छोट्या प्रिंटरवर पावती छापायची, एवढंच त्याचं मुख्य काम. प्ले स्टोअरचा दर वर्षीचा एक नियम असतो: अपडेट द्यायचा असेल तर ॲप बऱ्यापैकी नव्या अँड्रॉइडसाठी बनवलेलं हवं. त्या वर्षी तो अँड्रॉइड १४ होता. त्यासाठी आम्ही अँड्रॉइडचं प्लगइन नवं घेतलं, आणि नव्या प्लगइनला ग्रेडल ८ लागतं. म्हणून ग्रेडल बदललं. बिल्ड लाल झाला.

काम एका नव्या मुलाकडे होतं. कॉलेजमधून येऊन त्याला सहा महिने झाले होते. त्याने ग्रुपवर विचारलं, ‘प्रिंटरची लायब्ररी सापडत नाही म्हणतंय, काय करू?’ पाच मिनिटांत तीन उत्तरं आली. तिन्ही तीच. त्यातलं एक माझं होतं.

पोरगं आज्ञाधारक. त्याने ग्रेडलचं अख्खं फोल्डर उडवलं. बिल्ड पुन्हा लाल. मग त्याला वाटलं आपणच काहीतरी चुकलो, म्हणून त्याने जुन्या ग्रेडलवरचा कालचा कोड पुन्हा काढला. काल हिरवा असलेला तोच कोड आता लाल. तो घाबरला. शेजारच्याने ‘माझ्याकडे चालतंय का बघू’ म्हणून आपल्या मशीनवर प्रयत्न केला, चाललं नाही म्हणून त्यानेही कॅश उडवली. मग तिसऱ्याने. मग कुणीतरी बिल्ड सर्व्हरवरही तेच केलं. संध्याकाळपर्यंत चार लॅपटॉप आणि एक सर्व्हर, सगळे साफ. ते ॲप आता जगात कुठेच बनत नव्हतं.

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हे ऐकलं होतं. आम्ही त्या दिवशी म्हैसही घालवली.

वाईट वाटतं ते याचं, की उत्तर पहिल्याच एररमध्ये लिहिलेलं होतं. लायब्ररी सापडली नाही हे सांगून ग्रेडल थांबत नाही. कुठे कुठे शोधलं ते पत्ते ते एकाखाली एक देतं. त्यातला एक पत्ता होता जेसेंटरचा. जेसेंटर म्हणजे जेफ्रॉग या कंपनीचं लायब्ररींचं मोठं गोदाम. अनेक वर्षं अँड्रॉइडच्या प्रत्येक नव्या प्रोजेक्टमध्ये त्याचं नाव आपोआप यायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा माल घेणं थांबलं, जुना तेवढा मिळत राहिला. १५ ऑगस्ट २०२४ पासून तेही संपलं. तिथे येणारी प्रत्येक मागणी मेव्हन सेंट्रल या दुसऱ्या गोदामाकडे वळवली जाऊ लागली. आमची प्रिंटरची लायब्ररी कुणा एकट्या माणसाने लिहून फक्त जेसेंटरवर ठेवली होती. मेव्हन सेंट्रलवर ती कधी नव्हतीच.

मग इतके दिवस आमचं ॲप बनत कसं होतं? कणगीतल्या मालावर. ठरावीक आवृत्ती एकदा आणली की ग्रेडल ती पुन्हा विचारायला बाहेर जात नाही. गोदाम बंद झालं हे आम्हाला कळलंसुद्धा नाही. मग ग्रेडल बदलल्यावरच का अडलं? कारण ग्रेडलच्या कॅशमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. एकीकडे प्रत्यक्ष फायली, दुसरीकडे ‘कुठली फाइल कुठून आणली, तिला आणखी काय लागतं’ याची नोंदवही. टूलची मोठी आवृत्ती बदलली की नोंदवहीचा नमुना बदलू शकतो, आणि नवं टूल कोऱ्या वहीने सुरुवात करतं. फाइल डिस्कवर होती. वहीत तिची नोंद नव्हती, म्हणून ग्रेडल गोदामात विचारायला गेलं, आणि गोदामाला कुलूप होतं.

म्हणजे त्या सकाळी प्रत्येकाच्या मशीनवर ती फाइल जशीच्या तशी पडलेली होती. फोल्डर उघडून नाव शोधलं असतं तर दोन मिनिटांत सापडली असती. आम्ही ती शोधली नाही, पुसली. शेवटची प्रत पुसायला आम्ही एकमेकांना मदत केली.

ॲप वाचलं ते एका सहकारी मुलीमुळे. ती बाळंतपणाच्या रजेवर सांगलीला माहेरी होती. तिचा लॅपटॉप तीन महिने कपाटात बंद होता, म्हणून त्याच्यावर कुणाचा मंत्र चालला नव्हता. रात्री नऊ वाजता तिला फोन केला. तिने बाळाला आईकडे दिलं, लॅपटॉप उघडला, आणि मी आधी काही बोलायच्या आत विचारलं, ‘नेट बंद ठेवून उघडू ना?’ आमच्या अख्ख्या ऑफिसात त्या दिवशी विचारला गेलेला तो पहिला शहाणा प्रश्न होता.

*

‘तुमचं प्रकरण अपवादात्मक आहे,’ असं म्हणता येईल. मग रोजची प्रकरणं घेऊ.

टूल अपग्रेड केल्यावर येणाऱ्या एररपैकी पुष्कळ एरर म्हणजे जाणूनबुजून बदललेले नियम असतात. ग्रेडल ७ मध्ये ‘कम्पाइल’ हा जुना शब्द काढून टाकला, त्याऐवजी ‘इम्प्लिमेंटेशन’ किंवा ‘एपीआय’ लिहावं लागतं. त्याच आवृत्तीपासून असुरक्षित एचटीटीपी पत्त्यावरून माल आणायला ग्रेडल नकार देतं, तुम्ही स्पष्ट परवानगी दिलीत तरच आणतं. मेव्हन ३.८.१ नेही बाहेरच्या अशा पत्त्यांना दार बंद केलं. मेव्हन सेंट्रलने तर १५ जानेवारी २०२० पासूनच साधं एचटीटीपी बंद केलंय. यातला एकही प्रश्न कॅश उडवून सुटत नाही. सुटणारच नाही, कारण कॅशचा त्याच्याशी संबंधच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

काही वेळा कॅशचा संबंध खरोखर असतो. तेव्हाही टूल स्वतःच ते सांगतं. मेव्हनला एखादी गोष्ट एकदा मिळाली नाही, तर ‘मिळाली नाही’ ही गोष्टसुद्धा ते लिहून ठेवतं आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत पुन्हा प्रयत्न करत नाही. साधारणपणे ही मुदत एका दिवसाची असते. म्हणून ती गोष्ट नंतर त्याच पत्त्यावर आली तरी एरर तोच येतो. पण त्या एररमध्ये सरळ लिहिलेलं असतं, की हे अपयश साठवलेलं आहे, आणि जबरदस्तीने अपडेट केल्याशिवाय पुन्हा प्रयत्न होणार नाही. उपाय म्हणजे आदेशाला ‘-यू’ हा एका अक्षराचा पर्याय जोडणं. आम्ही मात्र पूर्ण फोल्डर उडवतो, काही जीबी माल पुन्हा उतरवतो आणि अर्ध्या तासाने म्हणतो, ‘बघ, कॅशच होती.’

हो, कॅशच होती. पण कुठली नोंद, का चुकली, पुन्हा कधी चुकेल, यातलं काय कळलं?

आता माझा खरा आक्षेप. बिल्ड फेल झाला तर निदान सगळ्यांना दिसतं. कॅश उडवल्यावर बिल्ड पास झाला तर जास्त धोका आहे.

समजा तुमच्या यादीत कुणीतरी आळसाने आवृत्तीच्या जागी ‘१ अधिक’ असं लिहिलंय, म्हणजे १ मधली जी सर्वांत नवी असेल ती. ग्रेडल असा निवाडा चोवीस तास लक्षात ठेवतं. कॅश उडवलीत की निवाडा आत्ताच्या आत्ता नव्याने होतो, आणि तासाभरापूर्वी आलेली नवी आवृत्ती आत येते. बिल्ड हिरवा. पण हा सकाळचा प्रोग्राम नाही. तुम्ही जे तपासलं ते एक, आणि लोकांच्या फोनवर गेलं ते दुसरंच. मेव्हनवरून ग्रेडलवर जाणाऱ्या टीमचं तर आणखी अवघड. भांडण झालं की मेव्हन यादीत जवळ असलेल्याच्या बाजूने निकाल देतं, ग्रेडल साधारणपणे सर्वांत वरच्या आवृत्तीच्या बाजूने. यादी तीच, न्यायाधीश वेगळा, ॲप वेगळं. हे कळायला एकच रस्ता आहे: निकाल वाचणं. दोन्ही टूल्स डिपेन्डन्सींचं पूर्ण झाड छापून देतात. ग्रेडलचा ‘डिपेन्डन्सी इनसाइट’ हा आदेश तर एकेका लायब्ररीची अमुकच आवृत्ती का निवडली याचं कारणही सांगतो. तो किती जणांनी कधी चालवलाय, हे आपापल्या टीममध्ये विचारून बघा. मी विचारलं. आमच्याकडे शून्य.

*

या धंद्याचा इतिहासही गमतीचा आहे. बिल्ड टूल्सचा मूळ पुरुष म्हणजे ‘मेक’. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने तो लिहिला. निमित्त काय झालं? त्याचा सहकारी स्टीव्ह जॉन्सन याची अख्खी सकाळ एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात वाया गेली होती. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कम्पाइल झाली नव्हती, आणि तो जुनाच प्रोग्राम तपासत बसला होता. म्हणजे दुखणं आमचंच, शिळ्या मालाचं. फरक एवढाच, की फेल्डमनने ‘सगळं पुसून पुन्हा कर’ असा सल्ला दिला नाही. काय बदललं, त्यावर काय अवलंबून आहे आणि म्हणून नेमकं काय पुन्हा बनवलं पाहिजे, हे सांगता येईल असं यंत्र त्याने बनवलं. आमचं सगळं क्षेत्र त्या प्रश्नातून उभं राहिलं. तो प्रश्न न विचारण्याचा पगार आज आम्ही घेतो.

दुसरं उदाहरण ताजं आहे. मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं, की त्याच्या लिनक्स मशीनवर दूरस्थ लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण काय केलं असतं? रीस्टार्ट. फार तर री-इन्स्टॉल. त्याने तो अर्धा सेकंद कुठे जातो ते शोधलं. माग काढत काढत तो ‘एक्सझेड’ या फायली आकसून लहान करणाऱ्या लायब्ररीपर्यंत पोहोचला, आणि तिच्या दोन नव्या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदार ठेवलंय हे उघड झालं. ते दार उघडायची युक्ती बिल्डच्या पायऱ्यांमध्येच लपवलेली होती. सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये तिचा तो दुवा नव्हता, वाटायला ठेवलेल्या गठ्ठ्यात होता. जगभरच्या सर्व्हरवर पसरायच्या आत ते पकडलं गेलं, कारण एका माणसाला ‘का’ हा प्रश्न सोडवत नव्हता.

बिल्डमध्ये काय शिरतं याची पर्वा का करायची, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

*

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ते खोटं नाही.

कॅश खरंच खराब होते. मध्येच वीज गेली, डिस्क भरली, फाइल अर्धवट उतरली, असं होतं. दुसरं, रिलीज उद्या असतं आणि मॅनेजर डोक्यावर बसलेला असतो. तेव्हा तत्त्वज्ञान सुचत नाही. तिसरं, प्रत्येकाने प्रत्येक टूलच्या पोटात शिरायचं म्हटलं तर काम कधी करायचं?

सगळं मान्य. म्हणून माझी मागणी फार छोटी आहे. फोल्डर पुसू नका, त्याचं नाव बदला. पुसायला लागतो तेवढाच वेळ नाव बदलायला लागतो. नव्या, रिकाम्या कॅशने बिल्ड चालला तर संशय खरा ठरला, आणि पुरावाही हातात राहिला. नाही चालला तर जुनं नाव परत द्या, काही गमावलं नाही. मांत्रिक आणि डॉक्टर यांच्यात एवढंच अंतर आहे: डॉक्टर नमुना ठेवून घेतो.

वेळेचं म्हणाल, तर एरर वाचायला दीड मिनिट लागतं. आम्ही ते दीड मिनिट वाचवलं, आणि पाच माणसांचा दिवस घालवला.

पण मला जास्त राग आमच्यासारख्या सिनियर म्हणवणाऱ्यांचा येतो. नव्या मुलाला एरर वाचता येत नव्हता असं नाही. आपण वाचायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने प्रश्न विचारला, आणि आम्ही त्याला प्रश्न संपवायचा शॉर्टकट दिला. ‘काय म्हणतंय ते पूर्ण टाक बरं इथे’ एवढं एक वाक्य आमच्यापैकी कुणी लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर पुढे आम्हालाही विचार करावा लागला असता. मंत्राचा खरा फायदा हा असतो: देणाऱ्याला काही माहीत असायची गरज नसते. वर काही चुकलं तर दोष घेणाऱ्याचा. ‘नीट उडवली नसशील.’

आणि मालकांनाही थोडं बोलायलाच हवं. दुसऱ्याने फुकट चालवलेल्या गोदामावर अख्खा धंदा उभा करायचा, आणि आपल्या मालाची एक प्रत आपल्या घरी ठेवायची नाही? स्वतःचं छोटं गोदाम, आवृत्त्या पक्क्या करणारी लॉक फाइल, आलेल्या मालाची खूण तपासणारी यादी, हे सगळं करता येतं, आणि परवडतं. २०१६ च्या मार्चमध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अकरा ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतली, तर जगभरातले बिल्ड कोसळले. ती परत येईपर्यंत लोक हात चोळत बसले. आठ वर्षांनी आम्ही त्याच जागी बसलो होतो, सांगलीहून एक फाइल येण्याची वाट बघत.

ती आली. आम्ही ती आमच्या स्वतःच्या गोदामात ठेवली. नव्या ग्रेडलला तो पत्ता दिला. बिल्ड हिरवा झाला.

आता टीममध्ये एक नियम आहे. ग्रुपवर मदत मागताना तीन गोष्टी टाकायच्या: पूर्ण एरर, शेवटचं काय बदललं, आणि त्या लायब्ररीबद्दल टूल काय म्हणतं. हे न टाकता प्रश्न विचारता येत नाही. आणि हे न वाचता उत्तर देणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. आत्तापर्यंत सर्वांत जास्त चहा मीच पाजलाय.

गेल्या महिन्यात पुन्हा एक अपग्रेड होतं. पुन्हा बिल्ड लाल झाला. मी सवयीने टाइप करायला लागलो होतो, तेवढ्यात त्याच मुलाचा मेसेज आला: ‘दादा, चार पत्ते शोधलेत त्याने. तिसऱ्या पत्त्याचं प्रमाणपत्र काल संपलंय. कॅशला हात लावू नका कुणी.’